घरची कोल्ड कॉफी पातळ का होते: बर्फाचा आणि उष्णतेचा हिशेब

सोलापुरात चैत्र सरत आला की दुपारी ओट्याची फरशीसुद्धा हाताला गरम लागते. पारा चाळिशी ओलांडतो आणि अशा वेळी घरी कोणी आले, तर चहाचे आधण ठेवण्याऐवजी कोल्ड कॉफी करावी असे सहज मनात येते. फ्रिजमध्ये दूध असते, बरणीत इन्स्टंट कॉफी असते, ट्रेमध्ये बर्फ असतो आणि मिक्सर तर प्रत्येक घरात असतोच. तरीही पेल्यात जे उतरते ते पुष्कळदा निराश करते. वर बर्फाचा पांढुरका चुरा तरंगतो, खाली तपकिरी रंगाचे पाणचट दूध उरते, साखर कमी पडल्यासारखी वाटते आणि पाच मिनिटांत सगळेच पाण्यासारखे होते. मग पुढच्या वेळी आपण कॉफी वाढवतो, साखर वाढवतो, आइस्क्रीमचा आणखी एक गोळा घालतो, आणि तरीही फरक फारसा पडत नाही. माझ्या मते याचे कारण साहित्यात नाही. भांड्यात आपल्या नकळत जी उष्णता शिरते ती बर्फ खाऊन टाकते आणि त्याचे पाणी कॉफीत मिसळते. हा हिशेब एकदा नीट समजला की बाकीच्या बहुतेक गोष्टी आपोआप जागेवर बसतात.

शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात ‘अप्रकट उष्मा’ हा शब्द आपण सर्वांनी वाचलेला असतो. शून्य अंश सेल्सिअसचा एक ग्रॅम बर्फ वितळून शून्य अंशाचेच पाणी होताना ८० कॅलरी उष्णता शोषतो. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने उतरवण्यासाठी मात्र त्यातून एकच कॅलरी काढावी लागते. (ही कॅलरी उष्णता मोजण्याची लहान कॅलरी आहे. आहाराच्या तक्त्यात आपण जिला कॅलरी म्हणतो ती हिच्या हजारपट असते.) फ्रीझर नीट काम करत असेल आणि बर्फ उणे १८ अंशांचा असेल, तर तो आधी शून्यापर्यंत येताना ग्रॅममागे आणखी सुमारे ९ कॅलरी घेतो. म्हणजे फ्रीझरमधून नुकताच काढलेला एक ग्रॅम बर्फ पूर्ण वितळेपर्यंत जवळजवळ ८९ कॅलरी उष्णता ओढून घेतो. ही त्याची ताकद मोठी आहे, पण ती वापरली की तेवढ्या बर्फाचे पाणी झालेच, हेही तितकेच खरे.

आता हाच आकडा कॉफीला लावून पाहू. १०० मिलिलिटर ताजी, ९० अंशांची कॉफी शून्यापर्यंत आणायची तर ९,००० कॅलरी काढाव्या लागतात, आणि त्यासाठी सुमारे १०१ ग्रॅम बर्फ वितळतो. जेवढी कॉफी तेवढाच बर्फ गेला, म्हणजे कॉफीत तिच्याइतकेच पाणी ओतल्यासारखे झाले. तीच कॉफी ओट्यावर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ दिली, तर सोलापूरच्या मे महिन्यात ती ४० अंशांच्या आसपास येऊन थांबते, आणि मग तिला गार करायला ४५ ग्रॅम बर्फ लागतो. पण ती फ्रिजमध्ये ठेवून ५ अंशांपर्यंत आणली असेल, तर सहा ग्रॅम बर्फसुद्धा पुरे होतो. घरगुती ट्रेमधला एक खडा साधारण पंधरा ते वीस ग्रॅमचा असतो असे धरले, तर पहिल्या कॉफीने पाच-सहा खडे गिळले आणि तिसरीने एका खड्याचा तुकडा. पुस्तकांत आणि व्हिडिओंमध्ये ‘कॉफी खोलीच्या तापमानाला येऊ द्या’ असे लिहिलेले असते, पण थंड देशातली खोली वीस अंशांची असते हे लक्षात ठेवायला हवे. आपल्याकडे उन्हाळ्यात ते वाक्य तसेच्या तसे पाळून चालत नाही.

उष्णता केवळ कॉफीतून येत नाही. मिक्सरचे स्टीलचे मोठे भांडे उचलून पाहा, ते सहज पाच-सातशे ग्रॅमचे असते. स्टीलमध्ये उष्णता साठवण्याची क्षमता पाण्याच्या साधारण एक-अष्टमांश असते. ७०० ग्रॅमचे भांडे ४० अंशांवरून शून्याजवळ येताना ३,३०० कॅलरींच्या वर उष्णता आतल्या पेयाला देते, म्हणजे एकट्या भांड्यापायी दोन खडे बर्फ जातो. शिवाय घुसळण्याचीही उष्णता असते. १८४० च्या दशकात इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जूल यांनी बंद भांड्यातल्या पाण्यात वल्ही फिरवून, नुसत्या घुसळण्याने पाणी तापते हे मोजून दाखवले होते, आणि आपला मिक्सर तेच काम फार मोठ्या वेगाने करतो. ५०० वॅटची मोटर पूर्ण ताकदीने एक मिनिट चालली तर ती ३०,००० जूल, म्हणजे सुमारे ७,२०० कॅलरी ऊर्जा वापरते. त्यातली बरीच मोटर तापण्यातच जाते, पण पात्यापर्यंत जी पोहोचते ती शेवटी पेयातच उष्णता होऊन राहते. चौथा हिस्सा पोहोचला असे धरले तरी वीस ग्रॅम बर्फ गेला. म्हणून ‘अजून थोडे फिरवू, म्हणजे घट्ट होईल’ हा समज उलटा आहे. बर्फाचा बारीक चुरा झाल्यानंतरचे प्रत्येक जास्तीचे सेकंद पेय पातळच करते.

या हिशेबातून निघणारा उपाय खर्चाचा नाही, आधीच्या तयारीचा आहे. कॉफी, साखरेचा पाक आणि दूध आदल्या रात्री किंवा निदान तीन-चार तास आधी फ्रिजमध्ये जायला हवेत, मिक्सरचे भांडे अर्धा तास आधी फ्रिजमध्ये ठेवायला हवे आणि पेलेही तिथेच असले तर उत्तम. काचेचे पेले मात्र गरम पाण्याने धुतल्याबरोबर फ्रीझरमध्ये ठेवू नयेत, ते तडकतात. दुपारी वीज गेली आणि त्यातच फ्रिज दहा वेळा उघडला, तर बर्फाचे तापमान उणे अठरावरून कधीच वर सरकलेले असते, हेही ध्यानात असू द्यावे.

बर्फ चांगला आहे की नाही हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. ट्रेमधून काढलेला खडा कोरड्या बोटांनी उचलला आणि तो क्षणभर बोटाला चिकटला, तर तो खरा गार आणि कोरडा आहे, कारण बोटावरचा ओलावा त्याने लगेच गोठवला. तोच खडा वाडग्यात दहा मिनिटे पडून राहिला की त्याच्यावर पाण्याचा चकचकीत थर येतो, तो बोटावरून निसटतो आणि त्याच्या खाली वाडग्यात पाणी साचलेले दिसते. तो बर्फ शून्यावर आलेला आहे आणि त्याने अंगावर पाणी घेतलेले आहे. हे पाणी आपण मोजत नाही, पण ते भांड्यात जातेच. म्हणून बाकी सर्व भांड्यात घालून झाल्यावरच बर्फ फ्रीझरमधून काढावा.

घरगुती मिक्सरची पाती ओले-सुके वाटण्यासाठी केलेली असतात. मोठे, दगडासारखे खडे थेट घातले की पाती बोथट होतात, भांडे मोटरला जोडणारा खालचा कपलर झिजतो आणि कधी कधी मोटरवर ताण येऊन मिक्सर एकदम बंद पडतो. अशा वेळी तळाचे लाल बटण दाबून तो पुन्हा सुरू करावा लागतो. आपल्या गावात यावरचा उपाय प्रत्येक घराच्या कपाटात आहे. सोलापुरी चादरीप्रमाणेच सोलापुरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि त्याची जाड, फासेदार वीण या कामाला फार चांगली. धुतलेल्या कोरड्या टॉवेलात खडे गुंडाळून ओट्यावर लाटण्याने सात-आठ ठोके दिले की हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे होतात, खड्यांवरचे सुटे पाणी टॉवेल शोषून घेतो आणि कोरडा चुरा हाती येतो. असा चुरा मिक्सरमध्ये वीस सेकंदांत बारीक होतो, तर अख्ख्या खड्यांना मिनिटभर लागते. मघाच्या हिशेबात ही चाळीस सेकंदे म्हणजे जवळजवळ एक खडा बर्फ.

बर्फ ज्या पाण्याचा करतो त्याकडे आपले दुर्लक्ष होते. नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, ते साठवून वापरले जाते, आणि बोअरचे पाणी तर बहुतेक भागांत जड असते. गोठल्याने जंतू मरतातच असे नाही. म्हणून बर्फासाठी पिण्याचेच, शक्यतो उकळून गार केलेले पाणी घ्यावे. बाहेरून लादीचा बर्फ आणायचा असेल तर तो खाण्यासाठीचा आहे याची खात्री करून घ्यावी. मासे, फळे वगैरे नुसती गार ठेवण्यासाठी केलेला अखाद्य बर्फ निळसर रंगाचा असावा असा नियम आहे, तो याच कारणासाठी.

आता कॉफीकडे येऊ. कॉफीत बर्फ घालून घुसळण्याची कल्पना दोन ठिकाणांहून लोकप्रिय झाली. ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या १९५७ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात दिमित्रिस वाकोंदिओस या नेस्कॅफेच्या कर्मचाऱ्याला गरम पाणी मिळेना, म्हणून त्याने इन्स्टंट कॉफी गार पाण्यात घालून शेकरमध्ये हलवली आणि तिथली प्रसिद्ध फेसाळ फ्रापे जन्माला आली, अशी हकिकत सांगितली जाते. दुसरीकडे अमेरिकेत बॉस्टनच्या एका कॉफी दुकानांच्या साखळीने बर्फासह घुसळलेले पेय विकायला सुरुवात केली होती. १९९४ मध्ये स्टारबक्सने ती साखळी विकत घेतली आणि १९९५ मध्ये ते पेय फ्रापुचिनो या नावाने सर्वत्र आणले. आपली मिक्सरमधली कोल्ड कॉफी या दोघांच्या मधली आहे. तिच्यात ग्रीक पेयाचा फेसही हवा असतो आणि अमेरिकी पेयाचा दाट, बर्फाळ पोतही.

इन्स्टंट कॉफीला कमी लेखण्याची काही गरज नाही. तयार कॉफीचा अर्क गरम हवेच्या झोतात फवारून तिची भुकटी करतात आणि तिच्यात तेलाचा अंश जवळजवळ उरत नाही. तेल फेस मोडते, म्हणून बिनतेलाच्या या भुकटीचा फेस जास्त टिकतो. आपल्या घरांमध्ये पूर्वीपासून कॉफी, साखर आणि दोन-चार थेंब पाणी कपात घालून चमच्याने फेटण्याची पद्धत आहे. गडद तपकिरी मिश्रण हळूहळू फिकट, बदामी होते, चमचा उचलला की त्याची धार जाड पडते. २०२० च्या टाळेबंदीत हीच गोष्ट दालगोना या कोरियन नावाने जगभर पोहोचली. फेटताना कॉफीतले प्रथिनांसारखे घटक हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ आवरण धरतात, आणि साखर मधले पाणी दाट करत असल्याने ते पाणी चटकन खाली निथळत नाही. म्हणून साखरेशिवाय फेटलेली कॉफी फुलते खरी, पण लवकर बसते.

ज्यांना कॉफीचा खरा गंध हवा आहे त्यांनी फिल्टरचा डिकॉक्शन, म्हणजे पुडीतून गाळून उतरलेला कॉफीचा घट्ट अर्क, वापरावा. सोलापुरात कानडी आणि तेलुगू बोलणारी घरे पुष्कळ आहेत, त्यामुळे पितळी किंवा स्टीलचा दोन मजली फिल्टर इथे नवा नाही. चिकमगळुरूच्या डोंगरात सूफी संत बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनमधल्या मोखा बंदरातून सात बिया आणून लावल्या अशी परंपरा सांगते, आणि आजही आपल्याला मिळणारी बहुतेक पूड कर्नाटकातल्या बागांतूनच येते. पुडीवर चिकोरीचे प्रमाण छापलेले असते ते वाचावे. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ. तिच्यात कॅफिन नसते, पण रंग, कडवटपणा आणि दाटपणा असतो, आणि नियमाने अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते. गार पेयात गंध दबतो, कारण गंधाचे कण थंडीत कमी उडतात, आणि चिकोरीचा कडवटपणा मात्र जिभेवर राहतो. म्हणून कोल्ड कॉफीसाठी मी वीस टक्क्यांपेक्षा जास्त चिकोरीची पूड घेत नाही.

गरम कॉफीपेक्षा ही कॉफी निदान दुप्पट कडक हवी, कारण दूध आणि बर्फ दोन्ही तिला पातळ करणार आहेत. २५ ग्रॅम पूड घेऊन १२० मिलिलिटर उकळते पाणी फिल्टरमध्ये घातले, तर खाली साधारण ७० ते ८० मिलिलिटर घट्ट डिकॉक्शन मिळतो, आणि तो दोन मोठ्या पेल्यांना पुरतो. ज्यांना कडवटपणा नको त्यांनी जाडसर दळलेली पूड आठपट गार पाण्यात भिजवून रात्रभर, चौदा-सोळा तास, ठेवावी आणि स्वच्छ मलमलीतून गाळावी. हे भिजवणे फ्रिजमध्येच करावे. चाळीस अंशांच्या स्वयंपाकघरात कॉफीचे पाणी दिवसभर उघडे ठेवणे योग्य नाही.

दुधाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण इथे मी स्वतः चुकलो आहे. मागच्या मे महिन्यात अक्कलकोटहून पाहुणे आले होते, आणि कॉफी दाट व्हावी म्हणून मी म्हशीचे दूध सायीसकट मिक्सरमध्ये घातले, बर्फ घातला आणि चांगली तीन मिनिटे फिरवले. पेल्यात ओतले तेव्हा काठाला पिवळसर पांढरे कण चिकटलेले होते, आणि पहिल्या घोटाला टाळूला तेलकट लेप बसला. पाहुण्यांनी काही बोलून दाखवले नाही, पण सगळ्यांचे पेले अर्धे राहिले. माझी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, पेल्यात पाहिले आणि म्हणाली, “अरे, हे तर लोणी आलंय.” ते खरेच लोणी होते. साय थंड असताना जोरात घुसळली की तिच्यातले स्निग्धांशाचे गोळे एकमेकांवर आपटून चिकटतात आणि त्यांचे दाणे होतात. लोणी काढताना आपण मिक्सरमध्ये गार पाणी आणि बर्फ घालतो, त्यामागे हेच तर तत्त्व आहे. मी कॉफीच्या नावाने लोणी काढण्याची अगदी बिनचूक कृती केली होती.

तेव्हापासून मी साय पूर्ण काढून, गाळून घेतलेले दूध वापरतो. पिशवीच्या दुधात नियमानुसार टोन्ड दुधात ३ टक्के आणि फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो. त्यातले कण यंत्रात बारीक केलेले असतील तर ते सहसा एकत्र येत नाहीत, त्यामुळे असे दूध मिक्सरला जास्त सुरक्षित. दाटपणासाठी स्निग्धांश वाढवण्यापेक्षा दुधातले पाणी कमी करणे चांगले, आणि ते कसे करायचे हे बासुंदी करणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. अर्धा लिटर टोन्ड दूध मंद आचेवर ढवळत साडेतीनशे मिलिलिटरपर्यंत आटवले, गार करून गाळले, की त्यातली प्रथिने आणि दुधातली साखर तेवढ्याच प्रमाणात दाट होते. वेळ नसेल तर २५० मिलिलिटर दुधात दोन मोठे चमचे दुधाची पावडर मिसळली तरी जवळपास तोच परिणाम मिळतो. दूध जरासे जुने असेल तर ते कडक, गरम कॉफीत फाटण्याची शक्यता असते, कारण कॉफी मुळात आम्लधर्मी असते. दोन्ही गार असताना हा धोका बराच कमी होतो.

साखरेबाबत एक समज सर्वत्र आहे की ती गार दुधात विरघळतच नाही. प्रत्यक्षात शून्य अंशाच्या १०० ग्रॅम पाण्यातही पावणेदोनशे ग्रॅमच्या वर साखर विरघळू शकते. अडचण प्रमाणाची नसून वेगाची आहे. थंडीत ती इतकी सावकाश विरघळते की पेला संपला तरी तळाशी खर राहते. म्हणून साखर आणि पाणी समभाग घेऊन पाक करावा, नुसती साखर विरघळेपर्यंत, तार येऊ न देता, आणि तो बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा. जीभ गार असताना गोडी कमी जाणवते, त्यामुळे गरम कॉफीला पुरणारी साखर इथे अपुरी वाटते. तरीही हात आवरता घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेसाठी दिवसाला सुमारे २५ ग्रॅमची मर्यादा इष्ट मानली आहे, आणि एका पेल्यात १५ ग्रॅम गेली तरी अर्ध्याहून अधिक वाटा संपतो. चिमूटभर मीठ घातले तर कडवटपणा दबतो आणि तेवढ्याच साखरेत पेय गोड लागते, हे करून पाहण्यासारखे आहे. गूळ वापरायचा असेल तर त्याचाही पाक करून, गाळून, पूर्ण गार करूनच दुधात घालावा.

कॅफेतली कॉफी शेवटच्या घोटापर्यंत एकसारखी राहते, ती मात्र केवळ गारव्याने नव्हे. तिथल्या तयार मिश्रणांत झॅन्थन गमसारखा दाटपणा आणणारा पदार्थ असतो. तो अगदी थोड्या प्रमाणात पाणी धरून ठेवतो, त्यामुळे बर्फाचे बारीक कण वर तरंगून वेगळे होत नाहीत. घरी हे काम एक गोळा आइस्क्रीम करते, कारण त्यातही असेच पदार्थ असतात. डब्यावर आइस्क्रीम लिहिले आहे की फ्रोझन डेझर्ट हे पाहावे. आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश असतो, तर फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेलाचा असू शकतो, आणि तो टाळूला मेणचट लागतो. आइस्क्रीम नको असेल तर अर्धे पिकलेले केळे गोठवून घातले तरी चालते, मात्र मग चव केळ्याची येते, हे मान्य करूनच घालावे.

आता दोन मोठ्या पेल्यांचे प्रमाण सांगतो. २५० मिलिलिटर आटवलेले किंवा पावडर मिसळलेले गार दूध, ५० मिलिलिटर गार डिकॉक्शन (किंवा पाच ग्रॅम, म्हणजे दोन शिगोशीग छोटे चमचे, इन्स्टंट कॉफी तेवढ्याच पाण्यात विरघळवून गार केलेली), तीन मोठे चमचे पाक, चिमूटभर मीठ आणि १८० ग्रॅम ठेचलेला बर्फ. हे सगळे पाच अंशांवर असेल आणि भांडेही गार असेल, तर द्रव पदार्थ गार करायला सतरा-अठरा ग्रॅम आणि भांडे व घुसळणे यांच्यासाठी वीसेक ग्रॅम मिळून चाळीस ग्रॅमच्या आत बर्फ वितळतो आणि १४० ग्रॅम बर्फ बारीक चुऱ्याच्या रूपात पेयात राहतो. तोच दाटपणा. आता हेच दूध बाहेरचे ४० अंशांचे आणि कॉफी नुकतीच केलेली, ९० अंशांची घेतली तर एकट्या या दोघांनाच १६३ ग्रॅम बर्फ लागतो. त्यात तापलेल्या भांड्याचे ३८ ग्रॅम मिळवले की आपले १८० ग्रॅम केव्हाच संपले, आणि पेय शून्यापर्यंत पोहोचलेलेसुद्धा नाही. साहित्य तेच, प्रमाण तेच, आणि पेल्यात मात्र पाणी.

भांड्यात आधी द्रव घालावा आणि मग बर्फ, म्हणजे पात्याभोवती भोवरा तयार होऊन तुकडे खाली ओढले जातात. भांडे दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. आधी बटण डावीकडे फिरवून तीन-चार झटके द्यावेत, मग पंधरा-वीस सेकंद पूर्ण वेगावर फिरवावे. मिश्रण फार दाट झाले तर पात्याभोवती हवेची पोकळी तयार होते, मिक्सरचा आवाज एकदम बारीक आणि चढा होतो आणि आत काहीच हलत नाही. असा आवाज आला की लगेच बंद करून, चमच्याने वरचे खाली करून, दोन चमचे दूध घालून पुन्हा एक झटका द्यावा. गरम कॉफी मात्र बंद भांड्यात कधीही फिरवू नये. वाफेने झाकण उडते आणि हात भाजतो.

आणखी एक गोष्ट खास आपल्या गावासाठी. ज्या भांड्यात शेंगांची चटणी होते ते भांडे कितीही घासले तरी झाकणाच्या आतल्या रबरी रिंगेत लसूण आणि तिखटाचा वास बसलेला असतो, आणि दुधातला स्निग्धांश तो वास पटकन ओढून घेतो. रिंग काढून, गरम पाण्यात खायचा सोडा घालून अर्धा तास भिजवावी आणि उन्हात वाळवावी. शक्य असेल तर कॉफी-मिल्कशेकसाठी एक भांडे आणि त्याची रिंग वेगळीच ठेवावी. आमच्याकडे आता तसेच आहे.

पेय किती प्यावे याविषयी थोडक्यात सांगतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घेऊ नये असे म्हटले आहे, आणि त्याच सूचनांनुसार १५० मिलिलिटर इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, तर फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असते. गार आणि गोड पेय घटाघट प्यायले जाते, आणि त्यात दुप्पट कडक कॉफी आहे हे विसरायला होते. म्हणून लहान मुलांसाठी कॉफी न घालता त्याच पद्धतीने कोकोचे दूध करावे, आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे.

ओतल्यापासून दहा मिनिटांच्या आत कॉफी प्यायला हवी, कारण पेल्यातही उष्णता शिरतच असते. भांड्यात काही उरले तर ते टाकू नये आणि पुन्हा फिरवूही नये. ते बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रीझरमध्ये ठेवावे. साखर आणि दुधाच्या घटकांमुळे हे खडे साध्या बर्फाइतके कडक होत नाहीत, त्यामुळे पात्यांना त्यांचा त्रास होत नाही, आणि वितळले तरी त्यांचे पाणी होत नाही, कॉफीच होते. दुसऱ्या दिवशीच्या १८० ग्रॅम बर्फातला निम्मा बर्फ या खड्यांचा घ्यावा.